धारला राहिलेली गाडी

तर भिया, आमच्या बाबांनी ती स्वस्तातली परदेशी गाडी घेतली होती ना, तिच्या कंपनीनं दोनच वर्षांत गाशा गुंडाळला. खपतच नव्हती. पुढे आमच्या गाडीचा हेडलाइट फुटला, तर देवासचा मेकॅनिक म्हणाला, "काकासाब, इसका पार्ट अब कहीं नहीं मिलेगा."

चौकशी करता करता कळलं, धारला पागेबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या अंगणात तशीच गाडी बंद पडून आहे. बाबा आपली गाडी घेऊन धारला गेले.

बाई म्हणाल्या, "हेडलाइट खुशाल न्या. पण आमचे हे गेल्यापासून ती सुरूच झालेली नाही. आधी एकदा चालू करून दाखवाल?"

बाबांनी तिथला मेकॅनिक बोलावला. दुसरी बॅटरी जोडून पाहिली, तर फ्युएल पंप गेलेला. बाबा म्हणाले, "माझ्या गाडीचा काढ आणि घडीभर हिला लाव."

गाडी चालू झाली. बाई स्टिअरिंगवर बसल्या आणि गाडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या. अर्ध्या तासानं परतल्या तेव्हा डोळे लाल होते.

"अमझेऱ्याच्या रस्त्यानं थोडी फिरून आले," म्हणाल्या. "आता काढा तुमचा पंप."

संध्याकाळी बाबा बसनं घरी आले. आईनं विचारलं, "हेडलाइट मिळाला?"

"नाही."

"आणि आपली गाडी?"

"तिथेच ठेवली. पंप बाईंच्याच गाडीत राहू दिला," बाबा चपला काढत म्हणाले. "दोन्हींतली एक तरी चालायला हवी ना."