अठरा लिटर

“हॅलो?... हां, बोल आत्या... काय?... थेंबसुद्धा नाही?... अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. इथल्या अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू येतंय.”

मुख्याध्यापिकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर ती बसली होती. शेजारी बाबा, मांडीवर तिच्या जुन्या निकालांची फाइल घेऊन. शाळा सोडून वर्ष होत आलं होतं आणि आज बाबा तिला परत त्याच शाळेत घालायला निघाले होते. फोन वाजला तसे त्यांनी डोळे वटारले. ‘बंद कर’ असं तोंडानं म्हणायची गरजच नव्हती. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाही नाही, मोकळीच आहे, बोल... बेकरीत कोण आहे तुझ्याजवळ?... कोणीच नाही? मळणारा गडी?... आजही दांडी? बरं. मैदा, यीस्ट, सगळं पडलंय मशीनमध्ये?... आणि पाणी नाही. हं... आत्या, थांब. तो आवाज कसला आला आत्ता?... कसला म्हणजे, कडीचा. बादलीच्या कडीचा... खोटं नको बोलूस! ठेव खाली... ठेव म्हणते ना!”

दोन पोरं शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती वळून बघायला लागली. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा भिंतीकडे वळली.

“डॉक्टर काय म्हणाले होते? मीच होते ना तिथं. खांदा एकदा शिवलाय, आता फाटला तर शिवायला काही उरणार नाही, असं म्हणाले. मग हात नुसता लटकवायला ठेवशील का दंडाला?... अर्धी भरून पण नाही. पाव भरून पण नाही! मी डबा कशाला केला मग, शोभेला?”

बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तिनं एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप बसवली होती. आत्यानं मोबाइलवरून नुसता आकडा पाठवायचा. डब्यानं टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, तेवढे लिटर पाणी मळायच्या मशीनमध्ये सोडायचं आणि गपचूप बंद करायचा. बादली उचलायचं कामच नाही. निदान ठरलं तरी तसं होतं.

“काल?... काल काय झालं ते मला माहितीये. खळ झाली खळ. अख्ख्या गल्लीत पोस्टरं चिकटवता आली असती... हो, पण ते मी रात्रीच दुरुस्त केलं ना! सांगितलं होतं तुला, तू जांभया देत होतीस... बरं, परत सांगते. तू अठरा पाठवलास की अठरा जात नाही. आधी एक जातो, त्याच्या मागून आठ. आणि तेही आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून जातात. चिपला कुठं वाचता येतं? तिच्याकडे फक्त हजेरी नंबर असतात. एकचा हजेरी नंबर एकोणपन्नास, आठचा छप्पन्न. काल मी अठरा पाठवला तर तिनं ते हजेरी नंबरच लिटर समजून ओतले. म्हणून टाकी रिकामी!... हां. मग मी काय केलं, शून्याचा नंबर आहे अठ्ठेचाळीस, तेवढे वजा करायला लावले. एकोणपन्नासातून अठ्ठेचाळीस गेले, राहिला एक. पुढचा आकडा आला की आधीच्याची दहापट करायची आणि नवा त्यात मिळवायचा. एकाचे झाले दहा, दहा आणि आठ... बघ, जमलं की तुला... ते मान्य आहे मला, पण आज पाणी येत नाहीये. तेच शोधतोय ना आपण! दोघीजणी मिळून!”

बाबांनी तिच्या गुडघ्यावर बोट टोचलं. तिनं मान हलवली आणि आणखी कोपऱ्यात सरकली.

“ऐक. चिडू नकोस आणि मलाही चिडवू नकोस. डब्यावरचा दिवा बघ. आकडा पाठवलास की लुकलुकतो?... लुकलुकतो. म्हणजे पोचतंय. आता पिठाच्या पिंपावर लॅपटॉप ठेवलाय ना, त्याची वायर डब्यालाच आहे. स्क्रीनवर काय आलंय?... चष्मा लाव... डोक्यावर असेल... बघ, होता ना. वाच... ‘पाणी शून्य लिटर’. शून्य?... परत पाठव बरं अठरा... परत शून्य.”

तिनं खालचा ओठ दातात धरला. रात्री तिनं हाच अठरा वीस वेळा तरी पाठवला असेल. वीसही वेळा पाणी मापात पडलं होतं.

“आत्या, त्या शून्याच्या वर आणखी नंबर दिसतायत का? एकाखाली एक?... ते कचरा नाहीये गं, ते मीच छापायला लावलेत. डब्यात जे जे शिरतं ते. वाच... दोनशे चोवीस?... नक्की? चष्मा पूस... दोनशे चोवीसच. पुढे?... एकशे पासष्ट... एकशे सदुसष्ट... थांब थांब, पळू नकोस.”

लिहायला काही नव्हतं. फाइलला हात घालायची सोय नव्हती. तिनं बाबांच्या खिशातलं पेन ओढून काढलं आणि तळहातावर लिहायला सुरुवात केली.

“हां, सांग... परत दोनशे चोवीस?... परत एकशे पासष्ट... आणि एकशे चौऱ्याहत्तर. संपलं?... दोनच आकडे पाठवलेस ना? एक आणि आठ? मग आले सहा कुठून?... मी तुला नाही विचारत, मी मला विचारतेय!... आत्या. तुझ्या मोबाइलमध्ये तो आठ दिसतोय कसा?... आठसारखा म्हणजे? दोन गोल एकावर एक, की... की वळून खाली शेपूट? ... शेपूट.”

ती बाकावरून उठूनच उभी राहिली.

“मराठी आठ! अगं बये, तू मराठीत आकडे पाठवतेयस!... नाही, चूक नाहीये तुझी... अगं चूक नाही म्हणतेय ना, पण चिपला ते कळत नाहीत. मी माझ्या मोबाइलवरून इंग्रजी आकडे पाठवत होते सारखे. सोपंय, हे बघ, तुझ्या कीबोर्डवर खाली पृथ्वीच्या गोळ्यासारखं एक चित्र आहे, ते दाब, म्हणजे... नाही दाबणार? का नाही दाबणार?... डाव्या हातानं, पिठाच्या बोटांनी, दर वेळी... बरं, पण एकदाच तर... परत मराठी होतं आपोआप? हो, होतं खरं... ‘मी बदलणार नाही, तुझ्या डब्याला शिकव’? अगं तो डबा आहे, त्याला काय—”

आणि ती थांबली.

बेकरी तिच्या डोळ्यांपुढे आली. पिठाची पिंपं, त्यांच्यावर खडूनं लिहिलेले ५० आणि २५. भट्टीच्या दारावर आत्यानं खिळ्यानं कोरलेला २२०. काट्याजवळच्या भिंतीवर रोजच्या घाण्यांचं माप, वरपासून खालपर्यंत मराठीत. हे सगळं ती रोज बघत होती. कुठल्या पिंपाचा खडू पुसट झालाय हेसुद्धा तिला तोंडपाठ होतं. आणि डबा मात्र तिनं दर वेळी स्वतःच्याच मोबाइलवरून तपासला होता. जणू बादली तीच उचलणार होती.

“आहे गं, आहे लाइनवर... नाही, चिडले नाही... ऐक ना. तुझं बरोबर आहे. डबा तुझ्यासाठी केलाय, तर त्याला तुझं कळायला पाहिजे. शिकवू या त्याला... आत्ताच. मी कुठं येऊ, मी इथं अडकलेय. तू शिकवायचंस... हो, तू. डाव्या हातानं. यीस्ट कधी घातलंस?... मग वेळ आहे. आधी नुसतं शून्य पाठव. तुझंच शून्य... शेवटचा नंबर काय?... एकशे सहासष्ट. आता नऊ... एकशे पंचाहत्तर. अस्सं!”

तळहातावर नंबरांची रांग लागली होती. ती बघता बघता तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

“दोनशे चोवीस, एकशे पासष्ट, हे प्रत्येकाला आहेच. ते आडनाव आहे आत्या! सगळ्या मराठी आकड्यांचं एकच आडनाव. खरं नाव तिसरं. शून्य म्हणजे एकशे सहासष्ट, एक म्हणजे एकशे सदुसष्ट, असं ओळीनं नऊपर्यंत. आडनावाकडे लक्षच द्यायचं नाही, आणि नावातून एकशे सहासष्ट वजा करायचे. बास! एक ओळ वाढवायची आहे फक्त... आता लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघड, रंगीत अक्षरांची. त्यात एक ओळ असेल, तिच्यात अठ्ठेचाळीस आहे आणि सत्तावन्न आहे... सापडली? शाब्बास. माउस ओढून निळी कर. सगळी. शेवटच्या टिंबासकट... कंट्रोल धर अंगठ्यानं आणि करंगळीनं सी... बोटं पोचत नाहीत? नाकानं दाब मग!... हसू नकोस, खरंच दाब.”

केबिनचं दार उघडलं. शिपायानं बाहेर डोकावून फाइलकडे बोट केलं. तिनं फोनवर हात ठेवला नाही की आवाज कमी केला नाही.

“बाबा, मी येत नाही आत्ता... आत्या, तुला नाही म्हटलं. बाबांना... बाबा, आत्यानं बादली उचलली तर?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे. आत्या त्यांची थोरली बहीण होती. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ते कसे बसले होते, हे तिनं पाहिलं होतं. ते उठले, फाइल काखेत मारली आणि शिपायाला बाजूला घेऊन काहीतरी सांगायला लागले.

“हां, बोल. खाली चिकटली ओळ? आता दोन सारख्या ओळी दिसतायत? वरचीला हात लावायचा नाही. तिला काही झालं तर मी तुला सोडणार नाही. खालचीत अठ्ठेचाळीस खोड, एकशे सहासष्ट लिही... सत्तावन्न खोड, एकशे पंचाहत्तर... आता शेवटी परत एक अठ्ठेचाळीस आहे, वजाच्या पुढे. तिथंही एकशे सहासष्ट... झालं? आता वर बाणाचं चित्र आहे, ते दाब... लाल? काय लाल झालं?... सगळं लाल! कशालाच हात नको लावूस!... ओरडत नाहीये मी! ... बरं, ओरडले. थांब. मोठा श्वास घे. मी पण घेते.”

तिनं खरंच घेतला. मग डोळे मिटून ती ओळ आठवली, डावीकडून उजवीकडे, एकेक खूण.

“तुझ्या ओळीचा शेवट वाच. अक्षर न् अक्षर... वजा, एकशे सहासष्ट. मग?... मग काहीच नाही? तरीच! खोडताना दोन अक्षरं जास्त खाल्लीस तू. कंस पूर्ण कर, आणि त्याच्यापुढे टिंब, टिंबाखाली स्वल्पविराम... एकच बटण आहे त्याचं, एलच्या शेजारी... हां. आता बाण... सांग... सांग ना काय झालं!... हिरवं? आणि दिवा लुकलुकला?... गेलं! डब्यात गेलं आत्या!”

बाबा येऊन तिच्या शेजारी उभे राहिले होते. बाकावर बसले नाहीत. शिपाई दारात तसाच रेंगाळत होता.

“नाही, अठरा नको. कालची खळ विसरलीस? आधी एक पाठव. तुझाच एक... पडलं? किती? टाकीच्या मापाच्या काचेवर बघ... एक लिटर. आणि थांबलं. आता सतरा... काय?... नाही, मागचा एक त्याला चिकटून एकशे सतरा नाही होणार. पाठव दाबलं की चिप जुनं पुसते. लिहिलंय मी तसं...”

लिहिलं होतं का? रात्रीही तिला असंच वाटलं होतं, की सगळं लिहिलंय, आणि मराठी आकडे राहिलेच होते. पण पुसायची ओळ तिला दिसत होती, वळणासकट, शेवटून दुसरी. होती. नक्की होती.

“पाठव. आणि मोबाइल मशीनच्या काठावर ठेव, मला ऐकू दे.”

तिनं फोन कानापासून काढला आणि मध्ये धरला. आधी मोटरची घरघर आली. मग पाण्याची धार, कोरड्या मैद्यावर पडताना फसफसल्यासारखी, मग जाड, मग भरलेली. बाबांनी मान खाली करून कान जवळ आणला. धार चाललीच होती. चाललीच होती. तिनं तळहात मिटला, त्यातल्या नंबरांसकट.

टक्.

“आत्या? कोणी बंद केलं? तू?... आपोआप? काचेवर बघ, किती उतरलं सगळं मिळून?... चष्म्यातून बघ... अठरा. बरोब्बर अठरा!... मळायला लागलं? कसं आहे पीठ?... चिमटीत धरून बघ... तुटत नाही ना? मग झालं तर!... रडतेयस काय? पीठ खारट होईल.”

शिपायानं घसा खाकरला. बाबांनी या वेळी डोळे वटारले नाहीत. तिचं पेन, म्हणजे त्यांचंच पेन, परत मिळावं म्हणून नुसता हात पुढे केला.

“हो, आता जाते आत... माहीत नाही काय म्हणतील. मी मात्र आधीच सांगणारे, दुपारनंतर मी बेकरीत असते म्हणून... नाही भांडणार... बरं, कमी भांडेन... हो, बाबा आहेत इथंच. त्यांनी ऐकलं सगळं... काय म्हणाले? काही नाही, नाक पुसतायत... आता काय?... बादलीचं काय करू म्हणजे?”

ती दारापर्यंत पोचली होती. आतून कोणीतरी ‘या’ म्हणालं.

“उपडी घाल तिथंच मशीनसमोर, आणि बस तिच्यावर. पीठ होईपर्यंत उठायचं नाही. ठेवते.”