कमी आवाजाचा जनरेटर

— नाय, नाय शेठ, चालू नका करू. हात काढा आधी त्यावरनं. आधी तोंडानं सांगा, आवाज किती येतो ते. घरात दिवे किती, पंखे किती, हे काय विचारताय — दिव्यापंख्यासाठी नाय आले मी बोईसरला. मनोरच्या रस्त्याला आमच्या अंडी उबवायच्या दोन पेट्या हायत, विजेवरच्या. वीज गेली की पेटी गार पडते, अन् पेटी गार पडली की पिल्लू कवचातच मरतं. हा डिझेलचा मजबूत हाय म्हणता — असंल. तारापूरच्या बांधकामावर असलेच नेतात — नेत असतील. तिथं रानात कुणाला त्रास? आमच्या घरात त्रास होणारं माणूस हाय.

ते काय, चिंचेखाली उभे हायत, टोपी हातात धरून. आमचे मालक. पलटणीत होते. गेल्या सालच्या लढाईतनं आले — हातपाय शाबूत हायत, असं बघू नका — नुसता मोठा आवाज झाला की त्यांना भान ऱ्हात नाय. बाकी शहाणं माणूस. मागं ऐन पिल्लं फुटायच्या दिवशी वीज गेली. शेजारचा देवू लग्नाच्या मांडवात दिवे लावतो, त्याच्याकडनं जनरेटर आण म्हणून यांनीच सांगितलं. आणला. चालू केला, अन् हे पळाले. मी तो बंद करायला लावला, मागं धावले. भाताच्या बांधाला पालथे पडलेले, कानावर हात. मी जवळ गेले तर मलाच खाली दाबलं — डोकं वर काढू नको म्हणले, गोळी लागंल. मी पडून ऱ्हायले तशीच. काय करणार? परत आलो तेव्हा पेट्या गार. कवचाला भोकं पडलेली, चोची दिसत होत्या नुसत्या. खड्डा त्यांनीच खणला. जेवले नाय. अन् मग म्हणले, आपण आपला जनरेटर घेऊ, आवाज ऐकायला मी येतो.

माझे दीर म्हणतात, पुन्हा असं झालं तर ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवू — हे तुमाला कशाला सांगतेय मी. सोडा ते. तो पेट्रोलचा लहान दाखवा. त्याचा आवाज कमी? अन् दोन्ही पेट्या चालतील? एकच? मग अर्धी पिल्लं मरू द्यायची का? — नाय, चालंल. एकच पेटी ठेवू आमी. दुसरी विकून टाकू. तोच बांधा.

अहो, तुमी कशाला आत आला? झालं आमचं, लहानच घेतोय — कुठला? तो मोठा, डिझेलचा? नको. अहो, ऐका ना माझं. ... शेठ, मशीन चालू करायचं हँडल मागतायत ते. मी स्वतः फिरवतो म्हणतात, म्हणजे आवाज कधी येणार ते ठाऊक असतं. देऊ का? ... द्या. पण तुमी दारातनं बाजूला व्हा. वाट मोकळी ठेवा.

फिरवला —

लागला. शेठ, बघा — पाय जाग्यावर हायत. हात ठेवलाय मशीनवर. डोळे मिटलेत, हां, पण उभे हायत — काय म्हणता? ऐकू येत नाय. बंद नका करू. त्यांना करू दे. किमतीचं मागनं बोलू, शेठ. आता तुमी गप ऱ्हावा.