सर थांबले

अगं, आमच्या मुक्ताचं ऐक. ती बोलताना अडखळते. वर्गात पोरं हसायची, म्हणून तिने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. शेवटी आम्ही तिला घरीच शिकवायला लागलो, मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ लावून.

त्यातले गणिताचे सर प्रश्न विचारतात, जरासे थांबतात आणि लगेच "शाब्बास!" म्हणतात. परवा त्यांनी विचारलं, "अर्धा आणि पाव मिळून किती?" मुक्ता "पा… पा…" करेपर्यंत सर शाब्बास म्हणून पुढे गेले. तिचे डोळेच भरले. "मी अजून सां… सांगितलंच नाही ना!"

माझे सासरे मालवणचे. बाजूलाच चहा पीत बसले होते. त्यांनी मोबाइल घेतला, व्हिडिओ मागे नेला आणि प्रश्न संपताच सरांना थांबवलं.

"बोल गो बाय. घाई नाय."

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलणार, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"पा… पाऊण," मुक्ता म्हणाली.

मगच त्यांनी व्हिडिओ सुरू केला. सर म्हणाले, "शाब्बास!"

मुक्ता उडालीच. "आजोबा, त्यांनी ऐ… ऐकलं!"

"तो ऐकतलो नाय तर जातलो खय? मिया तेका थांबवन ठेवलंय ना!"