परक्या टाकीला एक मत

"तिसरा मजला झाला हा! माझ्या गुडघ्यांचा काही विचार?"

शिवणवर्ग उघडायची वाट बघत मी बाकावर बसले होते. शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ येऊन टेकले.

"ताई, सगळ्यांना तूच विचारत होतीस."

"विचारलंच की. मीटिंग कुठे आहे म्हणून."

"कुठली ते सांगितलं नाहीस. म्हणून रहिवाशांच्या सभेत नेऊन बसवलं आपल्याला."

"आणि तू तिथे हात वर केलास!"

"सगळ्यांनी केला, म्हणून केला."

"परक्यांची पाण्याची टाकी बदलायला मत देऊन आलास, शहाण्या."

"पावणेसात झाले. ती सहालाच सुरू होते. पुढच्या आठवड्यात बघू."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालास."

"म्हणालो खरं. पण हे हात बघ माझे. आज नाही सापडली, तर इथून मी सरळ घरी पोचेन असं मला वाटत नाही."

"हळू बोल रे. बाई ऐकतायत."

मी पिशवीत कात्री शोधायला लागले. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन रखवालदार वर आला.

"कोण पाहिजे?"

"आम्ही मीटिंगला आलोय."

"कसल्या? इथे रोज चार असतात."

"ते आपलं... तब्येतीचं असतं ना काहीतरी."

"डोळे तपासणी तळमजल्यावर."

"बरं बरं. चल रे, खाली जाऊ."

"ताई, थांब. काका, माझी दारू सुटत नाहीये. ती मीटिंग कुठे असते?"