उंबऱ्याबाहेरून पाहिलेलं

(रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाचा व्हरांडा. सकाळचे दहा.)

गौरव : हळू बोल ना काकी, आत ऐकू जातंय.

दमयंती : जाऊ दे. मी काय चोरी केल्येय? पहाटे फोन करून म्हणालास, पहिल्या फेरीबोटीने जयगडला उतर आणि रत्नागिरीला ये, जिवावरचं आहे. मला वाटलं, तुझ्याच जिवावरचं. इथे येऊन बघत्ये तर तू धडधाकट, गळ्यात रुद्राक्षाच्या तीन माळा, आणि परक्याची पोर आत खाटेला बांधलेली.

गौरव : ती उठून पळत होती म्हणून बांधलं. अक्षया नाव तिचं. पुण्याची. शिबिराला आली होती.

दमयंती : म्हणजे बापाच्या सुपारीच्या वाडीत तंबू ठोकून तू जे मांडलंयस, ते.

गौरव : ध्यानाचं शिबिर आहे ते. लोक शांती शोधत येतात. तुला कायम थट्टा सुचते.

दमयंती : थट्टा नाही रे. किळस येते मला. फाटकावर तुझ्या काकांचा फोटो लावलास, खाली लिहिलंस 'आमची गुरुपरंपरा'. ते असते तर तोच फोटो काढून तुझ्या टाळक्यात घातला असता त्यांनी.

गौरव : हे सगळं नंतर ऐकव. आता माझं ऐक. तिचे आईबाबा निघालेत, दुपारपर्यंत पोचतील. डॉक्टर सारखं विचारतायत काय प्यायली म्हणून. मी सांगितलं, थोडी भांग होती. तू फक्त एवढं म्हण की आमच्या घरात शिवरात्रीला पिढ्यान्‌पिढ्या देतात, कुणाला कधी काही झालं नाही. तू म्हणालीस की विश्वास ठेवतील. वयस्कर बाई, देवळाच्या गुरवाची...

दमयंती : विधवा. म्हण की, जीभ का अडखळली? फोटो लावून झाला, आता विधवा उभी करायची राहिली होती होय?

गौरव : काकी, प्लीज.

दमयंती : आणि भांग मला सांगतोस? भांगेने माणूस हसतं, खातं, घोरत पडतं. आत्ता दारातून बघितलं मी तिला. हवेतून धागे वेचत होती. नर्सला आई म्हणून हाक मारत होती. ही भांग नव्हे.

डॉक्टर : तुम्ही ह्यांच्या घरच्या का? मी डॉक्टर रझिया.

दमयंती : ह्याची काकी. गुहागराकडून आल्ये. कशी आहे पोर?

डॉक्टर : चांगली नाही. ताप चढतोय, जीभ कोरडी ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्यात. हे म्हणतात भांग. मला पटत नाहीये. ह्यावर एक औषध आहे माझ्याकडे, पण नक्की काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय द्यायला मी धजत नाही. चुकलं तर त्यानेच हृदय बंद पडायचं. काकी, ह्यांना बोलतं करा. मी दहा मिनिटांत येते.

दमयंती : ऐकलंस? बोल.

गौरव : मी सगळं विधीप्रमाणेच केलं.

दमयंती : कुठला विधी? तुला विधी काय ठाऊक? तुझे काका मार्गशीर्षापासून रोज पहाटे देवळात बसायचे. कमरेला पंचा आणि समोर पिंडी, बाकी काही नाही. शिवरात्रीच्या दिवशी मी विचारायचे, बसलं का मन? नाही म्हणाले की मी भांगेचा तांब्या नेऊन माडाच्या बुंध्यात ओतायचे. चाळीस वर्षांत सात वेळा प्यायले ते, आणि तेही ओंजळभर. समोर मी जागी. झाल्यावर काय दिसलं ते त्यांनी मलासुद्धा कधी सांगितलं नाही. म्हणायचे, बसणं हेच खरं काम, हे आपलं वर्षाकाठी देवाला भेटून येणं. आणि तुझे लोक शुक्रवारी बॅगा घेऊन येतात, शनिवारी पितात नि रविवारी मोबाईलवर जगाला सांगतात, मला ब्रह्म दिसलं! मेल्या, ब्रह्म काय वेळणेश्वरचा बीच आहे?

गौरव : बाकीच्यांचं राहू दे. ती तशी नव्हती.

दमयंती : कशी नव्हती?

गौरव : चार महिने रोज बसत होती घरी. इथेही पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. बाकीच्यांनी कडू लागलं म्हणून एकेक घोट घेऊन मागे वाळूत ओतून दिलं, ते मला नंतर कळलं. तिने आधी नमस्कार केला आणि सगळं प्यायली.

दमयंती : अरे देवा.

गौरव : बुजुर्गांनी जपलेली गोष्ट आहे, टाकायची नाही, असं म्हणाली.

दमयंती : काय जपलेली? काय होतं त्यात? गौरव, वर बघ. काय घातलंस?

गौरव : तुम्ही घालायचात तेच. भांग, दूध, वेलची.

दमयंती : आणि?

गौरव : आणि धोतऱ्याची बोंडं.

दमयंती : कसली?

गौरव : धोतऱ्याची. अशी का बघतेस? काका न्यायचे की! मी लहानपणी दर शिवरात्रीला बघितलंय. तबकात बोंडं घेऊन काका गाभाऱ्यात जायचे. बाहेर येताना तबक रिकामं आणि हातात भरलेला तांब्या. आम्हा पोरांना आत येऊ द्यायचे नाहीत. मी उंबऱ्याबाहेर बसून बघायचो.

दमयंती : गाढवा! ती पिंडीवर वाहायची असतात! विष ते. माणसाने तोंडाला लावायचं नाही म्हणून त्याच्यापाशी ठेवून यायचं. तांब्यातली भांग मी घरून करून न्यायचे, ती आधीपासून आतच असायची. शेंबडं पोरसुद्धा धोतऱ्याला हात लावत नाही आपल्याकडे, आणि तू, शिकलेला माणूस, देवाला वाहतात म्हणून माणसाला पाजलंस?

गौरव : मला कोणी सांगितलं कधी?

दमयंती : विचारायचं होतंस!

गौरव : आलो होतो विचारायला. गणपतीत आलो, दिवाळीत आलो, गेल्या महिन्यात आलो. तिन्ही वेळा तुझ्या पडवीत उभा होतो मी.

दमयंती : शिबिराची जाहिरात घेऊन आला होतास.

गौरव : हो, जाहिरात पण होती. पण गेल्या महिन्यात मी काय विचारलं ते आठवतंय तुला? मी म्हटलं, काकी, गाभाऱ्यात नेमकं काय करायचात, धोतऱ्याचं काय करायचं असतं. एवढंच. तू काय म्हणालीस?

दमयंती : असेन म्हणाले काहीतरी.

गौरव : तू म्हणालीस, तुझ्यासारख्या दुकानदाराला सांगण्यापेक्षा गोठ्यातल्या रेड्याला सांगेन. शेजारची येसूबाई उभी होती, ती फिदीफिदी हसली. तू दार लावून घेतलंस.

दमयंती : हसली खरी.

गौरव : मी तिथेच पायरीवर बसलो थोडा वेळ. वाटलं, उघडशील.

दमयंती : मला ठाऊक होतं बसलायस ते. खिडकीतून दिसत होतास.

गौरव : मग?

दमयंती : मग काय. बरं वाटत होतं मला. बसू दे मेल्याला, म्हटलं.

गौरव : काकी, मला आत टाकतील गं. धोतरा म्हटलं की संपलंच. डॉक्टरांना म्हण, ओळखीचं नाही, रानातलं काहीतरी मुळ्या-बिळ्या असेल. नाहीतर तू म्हण की तूच...

दमयंती : गप्प बस. अजून एक शब्द बोललास तर इथेच थोबाडीत देईन. डॉक्टरीणबाई! अहो, इकडे या!

डॉक्टर : काय, कळलं काही?

दमयंती : धोतरा. बोंडं, बियांसकट. भांगेत वाटून, दुधातून. किती वाजता रे?

गौरव : काल संध्याकाळी. सहाच्या सुमाराला.

डॉक्टर : किती घातली होतीत? नक्की सांगा, लाजू नका आता. आणि आणखी काही?

गौरव : बोंडं मोजली नव्हती. ओंजळभर असतील. दहा जणांत वाटायचं होतं. आणखी काही नाही. आईशप्पथ.

डॉक्टर : सिस्टर, दोन नंबरची मुलगी, धोतरा आहे! मॉनिटर लावून ठेवा, मी आलेच. काकी, बरं झालं बोललात. अजून वेळ आहे हातात. नाव लागेल मला कागदावर, दिलं कोणी त्यांचं.

दमयंती : लिहा. गौरव, माझ्या दिराचा मुलगा. त्याने दिलं. आणि त्याखाली माझंही लिहा, दमयंती. मला ठाऊक होतं, तो विचारायला आला होता, आणि मी सांगितलं नाही.

डॉक्टर : ते मला औषधासाठी नाही लागत, काकी.

दमयंती : तुम्हाला नसेल लागत. दुपारी तिची आई येणार आहे.