साठ तासांना सोळा मिनिटं कमी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, नोंदणी परिषदेच्या कामातून मुद्दाम वेळ काढून आलेले निरीक्षक साहेब, सकाळभर शिकवून दमलेले आणि तरीही व्यासपीठावर ताठ बसलेले डॉक्टर, प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या सिस्टर, समोर बसलेल्या त्यांच्या सहकारी भगिनी, आणि ज्यांना या जगात पहिल्यांदा सिस्टरांनी हातात घेतलं अशी या सभागृहातली लहानथोर मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी या सभागृहाचा मालक. त्याआधी मी इथे खुर्च्या मांडत होतो, आणि त्यानंतर बरीच वर्षं त्या कोपऱ्यातल्या यंत्रामागे कानाला हेडफोन लावून बसत होतो. अजूनही बसतो. मालक झाल्यावर माणसाने आपली जागा सोडावी असं कुठे लिहिलंय? आज मी भाषण करणार म्हटल्यावर आमच्या घरातून सूचना आली, "माइक लावणारा माणूस माइकवर उभा राहिला तर लोकांना वाटेल, तपासतोय. हॅलो हॅलो म्हणून खाली उतरा." तेव्हा मंडळी, मी तपासत नाही. बोलतोय. पण काय बोलायचं याबद्दल माझा मोठा गोंधळ आहे, आणि तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आजचा कार्यक्रम निरोपाचा की सत्काराचा? मेट्रनबाईंनी पंधरवड्यापूर्वी सभागृह ठरवलं तेव्हा म्हणाल्या, निरोप. परवा फोन आला, "निरोपाचं नक्की नाही, बॅनर दोन करून ठेवा." मी दोन केले. आज सकाळी विचारलं, कोणता लावू? त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" आता मला काय वाटणार? माझ्यामागचा पडदा कोरा आहे तो विसरून राहिलेला नाही, एवढंच सांगतो. खुद्द सिस्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत दादा, मी कुठे चाललेय का, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही."

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाळंतपण करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेचा परवाना पाच वर्षांचा असतो. तो पुन्हा मिळवायचा तर त्या पाच वर्षांत साठ तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. नियम चांगला आहे. मी थट्टा करत नाही. ही सगळी प्रशिक्षणं अकरा वर्षं याच सभागृहात होतात, आणि प्रत्येक वेळी यंत्रामागे मी असतो, तेव्हा तास मोजायचेच झाले तर माझे सर्वांत जास्त भरतील. नाळ कधी कापायची, रक्तस्राव किती झाला की घाबरायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. फक्त बाळंतपण तेवढं एकही केलेलं नाही, म्हणून परवाना नाही.

आणि या प्रशिक्षणांचा उपयोग होतो, हे मी कानांनी ऐकलंय. पूर्वी बाळ जन्मलं की लगेच नाळ कापत. एका वर्षी इथे सांगितलं गेलं, थोडं थांबा, बाळाला नाळेतून रक्त अजून मिळतंय. सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं मी लगेच कापतेय. मग ती सगळी मुलं काय अर्ध्या रक्ताची आहेत?" सभागृह हसलं. पण पुढच्या प्रशिक्षणाला त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाल्या, "मी आता थांबते. फरक दिसतो. मागच्या वेळी जास्त बोलले." माणसाने चाळीस लोकांसमोर असं बोलायला काय लागतं, हे राजकारणातल्या सभांनाही माइक पुरवणाऱ्या माझ्यासारख्याला विचारा.

तर नियम चांगला, सिस्टर शिकणाऱ्या, एकही प्रशिक्षण चुकवलेलं नाही. मग तास कमी कसे पडले?

त्याचं कारण सिस्टरांच्या टोपणनावात आहे. प्रसूतिगृहात त्यांना मिनिटबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. बाळ बाहेर आलं की बाकीचे बघतात मुलगा की मुलगी. सिस्टर बघतात भिंतीवरचं घड्याळ. दोन वाजून सतरा मिनिटं म्हणजे सतरा. सव्वादोन नाही. आणि हीच सवय त्यांनी प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नेली. त्या कागदावर वेळ छापलेली असते, दहा ते बारा. खाली सही करायची आणि चहाला जायचं. सगळ्या तेच करतात. सिस्टर छापलेली वेळ खोडतात आणि लिहितात, दहा वाजून नऊ मिनिटं ते अकरा वाजून बावन्न. कारण वक्ते तेव्हा उभे राहिले आणि तेव्हा बसले. पाच वर्षं त्यांनी हे केलं. परिषदेत कुणीतरी या मिनिटांची बेरीज केली, आणि महिन्यापूर्वी पत्र आलं. आपले तास अठ्ठावन्न, मिनिटं वीस. एक तास चाळीस मिनिटं कमी. अखेरची तारीख आज, संध्याकाळी सहा. त्यानंतर परवाना संपला, आणि पुन्हा हवा असेल तर परीक्षेपासून सुरुवात. सिस्टर एकोणसाठ वर्षांच्या आहेत. "पोरींच्या बाकावर बसून परीक्षा देणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि म्हणून मेट्रनबाईंनी हे सभागृह ठरवलं.

या कमी पडलेल्या वेळात माझाही वाटा आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तीन वर्षांपूर्वी इथे दिवसभराचं प्रशिक्षण चालू असताना माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या. मी यंत्र सोडून दुसऱ्या रांगेपर्यंत वाकत वाकत गेलो आणि सिस्टरांच्या कानात सांगितलं. त्या उठल्या. दारातल्या कागदावर लिहिलं, बाहेर अकरा दहा. नातू झाला, बारा वाजून दोन मिनिटांनी. आणि परत येऊन लिहिलं, आत बारा पंचवीस. पंचाहत्तर मिनिटं माझ्या घराण्याच्या नावावर आहेत.

पत्र आल्यावर मी परिषदेच्या कार्यालयात फोन लावला. तीनदा लावला, तीन माणसं भेटली. पहिला म्हणाला, अर्ध्या तासापुढचं पूर्ण धरतात. दुसरा म्हणाला, कुणी सांगितलं? तिसरा गृहस्थ शांत होता, त्याच्याशी बोलणं झालं.

मी म्हटलं, "साहेब, त्या वेळात त्यांनी बाळंतपण केलं."

"ते काम झालं. शिक्षण नाही."

"मग शिक्षण कशासाठी असतं?"

"काम नीट व्हावं म्हणून."

"काम नीट झालं. नातू तीन वर्षांचा आहे, फोनवर देऊ का?"

"नको. कामाचे तास धरत नाहीत."

मी फोन ठेवला. त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना. माझं बरोबर होतं असंही वाटेना. मंडळी, तुमच्यातल्या कुणाला हे सुटलं तर नंतर मला गाठून सांगा.

शेवटी डॉक्टर मदतीला आले. आज शेवटच्या दिवशी दोन तासांचं एक जादा प्रशिक्षण ठेवायचं, दहा ते बारा. शंभर मिनिटं हवीत, एकशेवीस मिळतील. सकाळी बत्तीस जणी वेळेवर हजर. फक्त डॉक्टर एका अडलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेत गुंतले. त्यांना दोष कोण देईल? ते धावत आले तेव्हा दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. बोलून थांबले तेव्हा अकरा अठ्ठावन्न. पुढची रांग सिस्टरांच्या भोवती जमली. मेट्रनबाई म्हणाल्या, "हे बघ, कागदावर दहा ते बारा छापलंय. तू फक्त सही कर. तुला एका अक्षराचंही खोटं लिहायचं नाहीये." सिस्टरांनी पेन उघडलं आणि छापलेली वेळ खोडली. चौऱ्याऐंशी मिनिटं. साठ तासांना सोळा मिनिटं कमी.

दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, सोळा मिनिटांसाठी एवढा हट्ट?"

त्या म्हणाल्या, "हट्ट कसला दादा. एकदा हात ढिला पडला की पडतोच. आज हजेरीवर दहा लिहीन, उद्या बाळंतिणीच्या कागदावर रक्त कधी सुरू झालं ते अंदाजे लिहीन. मग डॉक्टरांना वाटेल आत्ताच सुरू झालंय, आणि ती बाई तिकडे अर्ध्या तासाची गळत असेल."

माझी धाकटी लेक त्या तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला नववा महिना आहे. तेव्हा मी निःस्वार्थपणे बोलतोय असा कुणाचा गैरसमज नसावा. तिचा कागद कुणी लिहावा, हे माझं ठरलेलं आहे. उद्यापासून सिस्टरांना तिला हात लावता येईल का, हे ठरलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुठून ऐकली हे विचारू नका. कॉलरला लावलेला माइक बंद करायला मोठमोठी माणसं विसरतात, आणि माझ्या कानाला हेडफोन असतो. निरीक्षक साहेब डॉक्टरांना म्हणत होते, "यांचं चौतीस खरं धरलं, तर बाकीच्या एकतीस जणींनी दहावर सही केली, त्यांना नोटीस काढावी लागेल. खरं धरलं नाही, तर कारण काय देऊ? मी करू तरी काय?" डॉक्टर म्हणाले, "एक नोटीस मलाही काढा. उशिरा मी आलो." साहेब, तुमचं बोलणं चोरून ऐकलं, माफ करा. पण माझ्याइतकाच गोंधळलेला माणूस त्या दिवशी भेटला याचा मला आनंद झाला. त्या दिवशी काय म्हणतोय मी, आजच.

मग मी एक युक्ती काढली. आज मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी सिस्टरांना गाठलं. म्हटलं, माझी सोळा मिनिटं डॉक्टरांना देतो, त्यांनी सकाळचं राहिलेलं शिकवावं, तुम्ही बसा, मिनिटं भरतील आणि सगळी खरी.

त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. त्या म्हणाल्या, "सोळा माझी. आणि या पोरींची?"

"त्यांचे तास भरलेत."

"कागदावर भरलेत. माझे चौऱ्याऐंशी खरे ठरले की त्यांचे एकशेवीस खोटे ठरतात. माझा परवाना त्यांच्या नोटिशीवर नकोय मला. त्यांची छत्तीस कमी आहेत. छत्तीस मिनिटं होणार असतील तर मी बसते. नाहीतर तुम्ही तुमचं भाषण करा, मी गुच्छ घेते आणि घरी जाते."

तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात धाकटी पुढे आली. म्हणाली, "काका, आमचंही स्टेजवरून सांगा. आम्ही छापलेलं बघून सही केली, कुणी विचारच केला नाही. आम्हीही बसतो." म्हणून हे मी चारचौघांत बोलतोय. चुगली म्हणून नव्हे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सकाळी सगळ्यात महत्त्वाचा भाग घाईत राहिलाच होता. बाळ जन्मलं आणि रडलं नाही, इथपर्यंत आलो आणि वेळ संपली. त्याच्या पहिल्या मिनिटात काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं. निरीक्षक साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "एकाच प्रशिक्षणात मध्ये चहाची सुट्टी चालते, जेवणाची चालते. मध्ये निरोप समारंभ झालेला चालतो का, हे बघावं लागेल." तेव्हापासून ते नियमांचं पुस्तक चाळत आहेत. मघाशी मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. हो म्हणून की मान अवघडली म्हणून, हे मला इथून कळलं नाही. अजून चाळताहेत. पण हात पुस्तकाच्या शेवटाकडे आलाय, आणि तोंडावर काळजी कमी दिसतेय, असं आपलं मला वाटतं.

आता पाच वाजून अकरा मिनिटं झाली आहेत. छत्तीस मिनिटं धरली तर पाच सत्तेचाळीस. सहापर्यंत साहेबांना तेरा मिनिटं उरतात, तेवढ्यात काय ते ठरेल. म्हणून मी थांबतो. सिस्टरांच्या गुणांची मी जी यादी करून आणली होती ती खिशातच राहिली. ती त्यांना वाचून दाखवली असती तरी त्यांनी दुरुस्त्याच केल्या असत्या.

ज्यांना बाळंतपणाशी कर्तव्य नाही अशी बरीच मंडळी इथे आहेत. सुतार आहेत, शिक्षक आहेत, माझे व्याही आहेत. आपण उठून गेलात तर कुणी रागावणार नाही. पण बसलात तर बरं. आपण सगळेच कधीतरी जन्मलो आहोत, तेव्हा विषय अगदी परका नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, मेट्रनबाईंनी एवढा गोंधळ माझ्यावर विश्वासाने सोपवला, साहेब पुस्तक मिटून निघून गेले नाहीत, आणि तुम्ही सर्वांनी हे पाल्हाळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. यंत्रामागच्या माणसाला व्यासपीठाची रीत कळत नाही. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, अधिक-उणा शब्द गेला असेल, तर तो पोटात घालावा.

भगिनींनो, वह्या काढा. दाराजवळ हजेरीचा नवीन कागद ठेवला आहे. त्यावर वेळ छापलेली नाही.

डॉक्टर, या. माइक चालू आहे. बाळ जन्मलंय आणि रडलेलं नाही.