भागूआत्या म्हणाली, ‘बघू अजून’

मंडळी, ऐका! आज तुम्हांला एक अवघड प्रश्न विचारतो. ब्रह्म म्हणजे काय, माया म्हणजे काय, ते सोडा. त्याची उत्तरं पोथीत आहेत. माझा प्रश्न पोथीत नाही. लग्नाचा शालू घ्यायला कधी निघावं?

हसताय? हसा! पण ज्यांच्या घरी पोरीचं लग्न व्हायचंय ते हसत नाहीयेत, बघा. ते पहिल्या रांगेतले पाहुणे नुसते सतरंजीकडे बघतायत! कोणी म्हणतं, सहा महिने आधी निघावं. कोणी म्हणतं, महिना पुरे. तर शुभ कामाची बरोबर वेळ कोणती? हा प्रश्न बोरवंड गावच्या शिवरामतात्यांना पडला होता. आणि त्यांच्या पोरीला, कुंदाला, तो चांगलाच भोवला.

कुंदाचं लग्न ठरलं जयवंताशी. पोरगा साखर कारखान्यात फिटर. बघायला आला तेव्हा पोह्यांत मिरची दाताखाली आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाला, ‘पोहे छान झालेत.’ कुंदाला तिथंच तो आवडला. मुहूर्त निघाला शुक्रवारचा, दुपारी बारा पस्तीस. त्याच्यापुढचा मुहूर्त थेट पाच महिन्यांनी! आणि जयवंताचे वडील केशवराव म्हणजे कडक माणूस. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘हा मुहूर्त चुकला तर जमलेलं मोडलं समजा.’

तात्या म्हणाले, शालूला काय, तीन दिवस खूप झाले. मंगळवारी सकाळी दोन्हीकडची मंडळी बस्त्याला निघाली. बस्ता म्हणजे तुम्हांला सांगायला नको. लग्न दोघांचं, पण कापड निवडायला सगळी भावकी! मुलीकडचे सत्तावीस, मुलाकडचे चौदा. तालुक्याच्या गावी पोपटशेठचं साड्यांचं दुकान आहे, तिथं एक्केचाळीस माणसं पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसली. चपलांचा ढीग रस्त्याच्या पार मध्यापर्यंत!

आता तात्यांनी एक नियम केला होता. त्यांच्या थोरल्या पोरीच्या लग्नात एका चुलत्याला शालू दाखवायचा राहिला. झालं! चुलता रुसला. तेव्हापासून नऊ वर्षं तो प्रत्येक कार्याला येतो, पण पाठमोरा बसतो. जेवतोसुद्धा पाठमोरा. वाढणाऱ्यानं भिंतीच्या बाजूनं जायचं! म्हणून तात्यांनी ठरवलं, या वेळी एक्केचाळीस जणांना विचारायचं आणि एकाचाही नकार असला तर शालू घ्यायचा नाही.

पेटीवाले, तुम्ही का मान हलवताय? तुमच्याकडंही असंच झालं होतं काय?

तर पोपटशेठनं पहिलाच शालू उलगडला. डाळिंबी रंग, बारीक जरीची बुट्टी. कुंदाच्या मनात भरला. दुकानात शिरून पाच मिनिटं झाली होती. नवरीला शालू पसंत! संपलं की नाही काम? — कुठलं संपतंय! नियम एक्केचाळीस जणांचा होता, आणि गंमत बघा, त्या एक्केचाळिसांत नवरी मोजलीच नव्हती.

मावशीला पदर भडक वाटला. मामाला बुट्टी विरळ वाटली. जयवंताच्या काकांनी शालू नाकाला लावून वास घेतला आणि नापसंत केला. पाठमोऱ्या चुलत्याला दाखवायचा म्हणजे पोपटशेठला उठून भिंतीकडं जावं लागे. तेवढ्यात एक गृहस्थ टॉवेल घ्यायला दुकानात आले. अगदी परके! गर्दीत बसले, चहा मिळाला, तो प्याले, आणि सहज म्हणाले की काठ जरा जड आहेत. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे वजनदार पाहुणे. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. शालू परत! त्या गृहस्थांनाही आयुष्यात पहिल्यांदा इतका मान मिळत होता, त्यांनी टॉवेलचा नादच सोडला.

मंगळवार गेला. रात्री सगळे दुकानातच झोपले! बुधवारी साड्यांचा ढीग इतका झाला, की एक काकू त्याला टेकून झोपल्या आणि दिसेनाशा झाल्या. जेवणाच्या वेळी माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं, मग त्यांना उकरून काढलं. गुरुवारी हळदीचा दिवस. हळद कुठं लागली? दुकानात! पोपटशेठनं सगळ्या मालावर प्लास्टिक अंथरलं आणि हात जोडून उभा राहिला. इकडं बोरवंडला मांडव तयार, आत माणूस नाही. स्पीकरवाला एकटाच बसून स्वतःसाठी गाणी लावत होता.

पण गुरुवारी दुपारी चमत्कार झाला. माणसं दमली! दमलेल्या माणसाला सगळं पसंत पडतं, हे ध्यानात ठेवा. पोपटशेठनं तो पहिला डाळिंबी शालू पुन्हा काढला. मावशीला आवडला. मामाला आवडला. काकांनी या वेळी वास घेतला नाही. टॉवेलवाल्यांनी मान डोलावली. चुलत्यानं भिंतीकडं बघत हात वर केला. चाळीस होकार! राहिलं एक माणूस.

भागूआत्या.

भागूआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. तेराव्या वर्षी लग्न झालं. सकाळी चुलीपुढं बसली होती, तिथून उठवून सांगितलं की आज तुझं लग्न आहे. विसाव्या वर्षी नवरा गेला, ती भावाकडं परत आली आणि पुन्हा चुलीपुढंच बसली. तिथंच चाळीस वर्षं. दर दिवाळीला तात्या तिला लुगडं आणायचे. चॉकलेटी! मळ दिसत नाही म्हणून. चाळीस दिवाळ्या, चाळीस चॉकलेटी लुगडी. तिला हा रंग आवडतो का? मंडळी, ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आत्यानं शालू मांडीवर घेतला. पदर उलटून पाहिला. दारापाशी नेऊन उन्हात धरला. आत्या म्हणाली, ‘बघू अजून.’

दुसरा दाखवला. बघू अजून. तिसरा दाखवला. बघू अजून! तात्यांनी स्वतः तिच्यासाठी चहा आणला. केशवराव, मी सांगितलं ते कडक केशवराव, तिच्यापुढं वाकून म्हणाले, ‘आत्याबाई, हा मोरपंखी कसा वाटतो?’ आत्यानं पदर सारखा केला. बघू अजून.

शुक्रवार उजाडला. लग्नाचे पाहुणे बोरवंडला पोचले, मांडव रिकामा! स्पीकरवाल्यानं पत्ता दिला. ट्रॅक्टर भरभरून पाहुणे दुकानात आले, पाठोपाठ बँडवाले, पाठोपाठ आचारी, आणि भटजी घाम पुसत. आणि आलेला प्रत्येक जण शालू बघून मत देऊ लागला. नवा रंग, नवी भांडणं! घड्याळात बारा वाजले. केशवरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि जयवंताला म्हणाले, ऊठ. जयवंत उठला नाही. पण किती वेळ उठणार नाही तो? बापापुढं किती वेळ बसणार?

तीन दिवसांत कुंदाला कोणी काही विचारलं नव्हतं, पण आता आपलं लग्न आपल्या डोळ्यांदेखत मोडतंय हे तिला दिसत होतं. ती हळदीच्या पिवळ्या साडीतच उठली, ढीग ओलांडून आत्याजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘आत्या, खरं सांग. डाळिंबी तुला आवडला नाही?’

आत्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘मंगळवारीच आवडला होता गं.’

‘मग हो का म्हटलं नाहीस?’

‘हो म्हटलं असतं तर सगळे उठून गेले असते. मला परत कोण विचारणार होतं?’

मंडळी, कुंदाला रडू आलं. याच आत्याच्या हातची भाकरी खाऊन ती वाढली होती. याच आत्यानं तिची वेणी घातली होती, रोज, बारा वर्षं. आणि भाकरी करपली का, एवढंच काय ते तिनं आत्याला विचारलं होतं.

बारा वीस. कुंदानं डोळे पुसले, उभी राहिली आणि भर दुकानात मोठ्यानं म्हणाली, ‘आत्या, शालू राहू दे. हा नवरा कसा वाटतो? तू हो म्हणालीस तर करते.’

बँडवाल्याचा हात ढोलावर तसाच राहिला. केशवरावांच्या मिशा थरथरल्या. पण जयवंत? जयवंत उठला आणि गुपचूप आत्यापुढं जाऊन उभा राहिला.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चालून दाखव म्हणाली. तो चालला. हात बघितले. त्यालाही दारापाशी नेलं, आणि उन्हात धरून बघितला! मग विचारलं, ‘तुझ्या घरी आईला कोण विचारतं, तुला कोणती भाजी आवडते?’

जयवंत विचारात पडला. खरं बोलणारा पोरगा तो. म्हणाला, ‘कोणीच नाही, आत्या. आमच्या लक्षातच आलं नाही.’

‘आता विचारशील?’

‘विचारीन.’

एवढं मोठं दुकान, हजार साड्या, पाचशे माणसं, आणि सगळे एका म्हातारीच्या तोंडाकडं बघत उभे! आत्यानं पूर्ण एक मिनिट घेतलं. का नाही घ्यायचं? चाळीस वर्षांचं साचलं होतं. मग म्हणाली, ‘चालेल.’ आणि कुंदाला म्हणाली, ‘नेस तो डाळिंबी. चल, मी नेसवते.’

भटजी अंतरपाट गावातच विसरले होते. मोरपंखी शालू आडवा धरला. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला टॉवेलवाले गृहस्थ! बारा पस्तीसला अक्षता पडल्या. गादीवर, ढिगावर, पोपटशेठच्या डोक्यावर. पाठमोऱ्या चुलत्यानंसुद्धा टाकल्या — खांद्यावरून, मागं!

तर मंडळी, शालू घ्यायला कधी निघावं? सहा महिने? महिना? तीन दिवस? अरे, त्या घराला चाळीस वर्षांचा उशीर झाला होता! मंगळवारी निघाले म्हणून उशीर झाला नाही. ज्या दिवशी घरातल्या एका माणसाला विचारणं बंद झालं, त्या दिवशीच उशीर सुरू झाला. तुमच्या घरी कोण आहे असं? असेल! चुलीपाशी असेल, गोठ्यात असेल, देवापुढं वाती वळत असेल. देवाला तुम्ही रोज विचारता, नवस फेडू का, कौल देतोस का. आणि जी त्याची समई पुसते तिला? तिला कधी विचारलंत, तुला कोणता रंग आवडतो?

आज घरी जाऊन विचारा. नाही, उद्या नको. आजच. आणि मागं खांबापाशी बसलेल्या मायमाऊल्यांनो, तुम्हांला पटतंय ना? ... पटतंय ना? ... अहो, ऐकू येतंय ना?

काय? नाही?

कधीपासून नाही? — सुरुवातीपासून?

दीड तास! दीड तास मी इथं घसा कोरडा करतोय, आणि तुम्हांला विचारलं आत्ता!

पेटीवाले, थांबा, आरती नको अजून. पुढच्या पाहुण्यांनो, उठा तुम्ही, सरका मागं, ऐकलंत ना सगळं? या माऊल्यांनो, पुढं या. या, अगदी पुढं. बसलात? आता बोला, तुम्हांला काय ऐकायचंय?